समुद्रावरचे तेल, गायरानावरचे ऊन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा जुन्या आठवणीच अपेक्षित असाव्यात. वसतिगृहातील पहाटेची वंदना, कंदिलाच्या उजेडातील अभ्यास, पावसाळ्यात गळणारे छप्पर या साऱ्यांविषयी आपले माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा अधिक जिव्हाळ्याने लिहितील. मी इतिहासाचा शिक्षक आहे. एका लहानशा आठवणीपासून आरंभ करून वाचकांना जरा दूर, थेट समुद्रापर्यंत नेण्याची परवानगी मी मागतो. तेथून आपल्या गावच्या गायरानापर्यंत परत येण्याची हमीही देतो.

बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या समाजाच्या माणसाला समुद्र प्रथम दिसतो तो बहुधा सहा डिसेंबरला. चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभे राहावे, अभिवादन करून बाहेर पडावे आणि समोर अथांग पाणी दिसावे, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. माझाही तोच आहे. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, एका मे महिन्याच्या अखेरीस, उन्हाळी शिबिरातील मुलांना घेऊन आम्ही महाडला गेलो होतो. चवदार तळे पाहून झाल्यावर मुलांनी समुद्राचा हट्ट धरला, म्हणून परतीच्या वाटेवर एका किनाऱ्यावर थांबलो. सातवीत जाणारा एक मुलगा लाटांत खेळून लंगडत परत आला. त्याच्या तळपायाला डांबरासारखा काळा, चिकट गोळा लागला होता. पाण्याने तो निघेना, साबणानेही निघेना. जवळच मासळी सुकवीत बसलेल्या एका कोळी बाईंनी खोबरेल तेल आणून चिंधीने तो पाय स्वच्छ करून दिला. हा नेहमीचाच प्रकार आहे, पाऊस जवळ आला की हे गोळे येतातच, असे त्यांनी सांगितले. मुलाने मला विचारले, "सर, हे सांडलं कुणी? अन् पुसायचं कुणी?"

त्या वेळी मी त्याला जुजबी उत्तर दिले. खरे उत्तर शोधता शोधता मला ऊर्जेचा सारा इतिहास चाळावा लागला.

ते डांबरगोळे म्हणजे समुद्रात मिसळलेल्या खनिज तेलाचा शेष. जहाजांच्या टाक्या धुतलेले पाणी, इंजिनाखाली साचलेले तेलकट पाणी, विहिरी व वाहिन्यांतून झालेली गळती यांतील हलका भाग उडून जातो. उरलेला जड भाग घट्ट होत जातो आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर येऊन पडतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने खोदलेल्या विहिरीत तेल लागले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घरोघरी पोहोचले. तेलाच्या भाववाढीने देश हैराण झालेला असताना लागलेला तो शोध राष्ट्रीय अभिमानाचा विषय ठरला, आणि ते योग्यच होते. परंतु तेलाबरोबर त्याची घाणही आली, आणि ती कोणाच्या वाट्याला गेली हे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले नाही.

दोन घटना सांगतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. आणि सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात पसरले. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, मासेमारीचा नवा हंगाम उघडणार होता. पण मासळी खावी की नाही या भीतीने गिऱ्हाईकच फिरकेना. उरण, घारापुरी, अलिबागकडील खारफुटीवर तेलाचा लेप चढला. खारफुटीची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांवर तेल बसले की झाड गुदमरते. त्या मुळांच्या आश्रयाने वाढणारी चिंबोरी, निवट्या, खुबे यांचाही निवारा जातो. या घटनेला वर्ष होते न होते तोच, ४ ऑगस्ट २०११ रोजी 'रॅक कॅरियर' हे जहाज मुंबईजवळ बुडाले. त्यात ६० हजार टन कोळसा होता. इंडोनेशियातून तो गुजरातेतील दहेजकडे चालला होता. त्याच्या टाक्यांतील तेलही किनाऱ्याला लागले. पुढे एका नागरिकाने दाद मागितली आणि २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालक कंपनीला पर्यावरणाच्या हानीबद्दल १०० कोटी रुपये व कोळसा मागविणाऱ्या कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व त्या निकालाने ठामपणे मांडले.

अशा प्रसंगी नुकसानीची मोजदाद कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. ज्याच्या नावावर नोंदणीकृत नौका आहे, सोसायटीचे सभासदत्व आहे, त्याचे नुकसान कागदावर येते. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून हाताने खुबे आणि चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या बाईच्या नावावर नौका नसते. तिचा चिखल तेलाने माखला, तरी तिचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? आपल्याला हे समजण्यासाठी समुद्राकाठी जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यात गारपीट झाली की पंचनामा होतो, अनुदान येते. ते ज्याचा सातबारा त्याच्या खात्यात जाते. ज्या मजुराचा त्या शेतातील दोन महिन्यांचा रोज बुडाला, त्याच्या घरी तलाठी येत नाही. ज्याच्या नावाने कागद नाही, त्याचे नुकसानही नाही. उरणच्या खाडीतील ती बाई आणि चिखलीच्या शिवारातील निंदणीला जाणारी आपली माउली या एकाच न्यायाच्या दोन लेकी आहेत.

जगाने याबाबत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६७ साली 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे १ लाख १९ हजार टन तेल समुद्रात गेले. त्या धक्क्यातून जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार आला. पुढे तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची सक्ती झाली. १९७० च्या दशकात तेलवाहू जहाजांतून सात टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना दरवर्षी सरासरी ७९ च्या आसपास होत. २०१० च्या दशकात त्या सरासरी सहावर आल्या. या काळात समुद्रमार्गे होणारी तेलाची वाहतूक घटली नाही, वाढली. याचा अर्थ स्पष्ट आहे. कायदा झाला, तो पाळायला लावला, की बलाढ्य कंपन्याही सुधारतात. कायद्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मात्र जहाजांची गळती घटली म्हणून समुद्र स्वच्छ झाला असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उत्तर अमेरिकेच्या समुद्रात मानवी व्यवहारांतून जाणाऱ्या तेलाचा सर्वांत मोठा वाटा जमिनीवरून वाहत जाणाऱ्या तेलाचा आहे: रस्त्यांवर ठिबकलेले, गटारांत ओतलेले, पावसाने धुऊन नेलेले. येथे बुलढाणा जिल्ह्याचा संबंध सुरू होतो. आपला जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी त्याचे पाणी दोन्ही समुद्रांना जाते. उत्तरेकडची पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. अजिंठ्याच्या रांगेत बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. मलकापूर-नांदुऱ्याच्या गॅरेजमागे ओतलेले काळे ऑइल एका समुद्राच्या वाटेला लागते आणि मेहकरच्या नाल्यात ओतलेले दुसऱ्या. आपले कित्येक माजी विद्यार्थी आज गॅरेज चालवतात, ट्रॅक्टर व ट्रक चालवतात. समृद्धी महामार्गामुळे हा व्यवसाय वाढलाच आहे. वापरलेले ऑइल डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे, असा नियम आहे. तो पाळायला कोणा मंत्र्याची वाट पाहावी लागत नाही. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे आहे: काही प्रमाणात आपणही सांडले.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. तेल सांडते याचे मूळ कारण ते अफाट प्रमाणात वाहून न्यावे लागते हे आहे. जग आजही दररोज सुमारे दहा कोटी पिंपे तेल वापरते. एकूण ऊर्जेपैकी सुमारे चार-पंचमांश कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांतून येते. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. हे इंधन जाळल्याने हवेत जाणारा कार्बन वातावरण तापवतो, आणि त्या बदललेल्या पावसाचा फटका सोयाबीन-कपाशीच्या आपल्या कोरडवाहू जिल्ह्याला कसा बसतो, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून २०१५ च्या पॅरिस करारापासून जग कार्बनमुक्त ऊर्जेची भाषा बोलू लागले. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१० ते २०२० या दशकात सौर पटलांच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. २०२५ च्या मध्यास देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना चालणारी झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज मात्र अजून कोळशाचीच आहे. शेगावपलीकडे पारसची धुराडी आणि भुसावळजवळ दीपनगरची धुराडी त्याची साक्ष देतात. बदल सुरू झाला आहे, पण तो अर्ध्या वाटेवर आहे. नेमका याच वेळी तो कोणाच्या हिताने घडावा, हे ठरविता येते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. हा काळ आपल्या व्याख्यानांत दोन वाक्यांत उरकला जातो, याची मला खंत आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम व वीज यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेला विचार असा होता की, शेतीवरचा भार कमी झाल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, त्यासाठी उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योग वाढवायचे तर वीज स्वस्त व मुबलक हवी. वीज त्यांच्यासाठी दारिद्र्यातून सुटकेचे साधन होती. त्यांच्या कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी करणाऱ्या परिषदा १९४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळसा खाणींची स्वतः पाहणी केली, आणि लगोलग १९४४ साली खाणमजुरांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. ऊर्जा हवी, पण ती खणून काढणाऱ्या माणसाचा हिशेबही त्याच वहीत हवा, अशी ती दृष्टी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी घटनेतच लिहून मागितले.

या दृष्टीने आजच्या सौरयोजनांकडे पाहा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला केवळ पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. तरतूद चांगलीच आहे, पण मागण्यासाठी शेत आणि सातबारा लागतो. 'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरील तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यासाठी स्वतःचे पक्के छत आणि स्वतःच्या नावाचे मीटर लागते. भूमिहीनाच्या टिनाच्या पत्र्यावर तोच सूर्य अधिक तापतो, पण योजनेच्या दृष्टीने तेथे ऊन पडतच नाही. खाडीतील बाईला नुकसानीत स्थान नव्हते. येथे भूमिहीनाला लाभात स्थान नाही. कागद तोच.

आणि आता गायरान. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ साली सुरू झाली. २०२३ पासूनच्या तिच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना आहे. खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आहे. शासकीय जमीन, तीत गायरानही आले, नाममात्र भाड्याने दिली जाते. सरकारी दप्तरात गायरान मोकळे असते. गावात ते क्वचितच मोकळे असते. गावकुसाबाहेरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर ज्वारी-तूर पेरली आहे, शेळ्या चारल्या आहेत. ६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. लाखोंच्या संख्येने माणसे तुरुंगात गेली, त्यांत बायका तान्ह्या मुलांसह होत्या. त्या लढ्याच्या रेट्याने गायरानाचा प्रश्न जिवंत राहिला आणि पुढे महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. तरीही असंख्य कुटुंबांच्या हाती आजवर सातबारा पडलेला नाही. अशा जमिनीवर उद्या तारेचे कुंपण पडले, तर ते कुटुंब दप्तरी 'अतिक्रमक' ठरेल. विस्थापितही ठरणार नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही प्रगतीला आडवे येता. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता पाणी द्यायला निघालेल्या माणसाला साप चावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. दिवसाची वीज शेतकऱ्याइतकीच त्याच्या मजुराच्याही हिताची आहे. कोळशाची राख आणि समुद्रावरचे तेल कमी व्हायचे तर सूर्याकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही. माझे म्हणणे एवढेच की, तेलाच्या युगात नफा एकीकडे आणि काळा गोळा दुसऱ्याच्या तळपायाला, अशी जी वाटणी झाली, ती उन्हाच्या युगात पुन्हा होऊ नये. ऊन फुकट आहे, जमीन फुकट नाही. स्वच्छ ऊर्जाही अन्यायाने उभी करता येते.

म्हणून माझ्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना काही गोष्टी सुचवितो. गावात गायरानावर प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेला हजर राहा. कसणाऱ्यांच्या दाव्यांचा निकाल आधी आणि कुंपण नंतर, असा ठराव लिहून घ्या. दावा नियमित होण्यास पात्र असेल तर खाजगी जमिनीला जे भाडे मिळते ते त्या कुटुंबालाही मिळावे, ही मागणी धरा. पटलांची स्वच्छता, देखभाल, राखण ही कामे गावातील भूमिहीन तरुण-तरुणींना मिळावीत. आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे. आपल्या मुलांना तिकडे वळवा. पंचवीस-तीस वर्षांनी ही पटले निकामी होतील, तेव्हा त्यांचा कचरा कोण उचलणार हे करारातच लिहून घ्या, नाहीतर नव्या युगाचे डांबरगोळे आपल्याच शिवारात पडतील. ज्यांना स्वतःचे छत नाही त्यांच्यासाठी विहार, समाजमंदिर आणि वसतिगृहाचे छत आहे. संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, या वर्षी देणगीतून कमान किंवा फरशी करण्याऐवजी वसतिगृहाच्या छतावर सौरसंच बसवावा. कंदिलाखाली शिकलेल्या पिढीने पुढच्या पिढीला देण्याजोगी ही भेट आहे.

आपल्या जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव. त्याच तालुक्यातील खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आज 'संत चोखामेळा सागर' म्हणतात. ज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्यांच्या नावाचा सागर व्हायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी जो झगडा झाला, तो निसर्गाने सर्वांना दिलेल्या गोष्टीवर काहींनीच हक्क सांगण्याविरुद्धचा होता. पाण्याच्या बाबतीत जागे व्हायला आपल्याला उशीर झाला, कारण आपल्याला शिकू दिले नव्हते. उन्हाच्या बाबतीत ती सबब आपल्याजवळ नाही. आपण या शाळेत शिकलो आहोत.

तळपायाला काळा गोळा लागलेला तो मुलगा आज वीज वितरणाच्या कामात तंत्रज्ञ आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याच्या तो प्रसंग लक्षातही नव्हता. मी त्याला त्याचाच प्रश्न परत सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, आता सांडायच्या आधीच विचारायला पाहिजे."

इतिहासाच्या शिक्षकाला विद्यार्थ्याकडून याहून अधिक काय हवे?